सागाची खिडकी आणि दुहेरी काच

दिवाळीच्या तोंडावर घराची झाडलोट निघते आणि खिडक्यांची पाळी आली की जुन्या घरांत दर वर्षी तोच विषय निघतो. एखादी झडप घासून लागते, कडी कोयंड्यात बसत नाही, तावदानाची लांबी सुटून काच खडखडते, फटीतून धूळ येते. मग कोणीतरी म्हणते, ‘‘या काढून टाकू आणि डबल ग्लासच्या खिडक्या बसवू. ऊन नको, आवाज नको, धूळ नको.’’ मुलाकडे लंडनला किंवा जर्मनीत हिवाळा काढून आलेली मंडळी या सूचनेला लगेच दुजोरा देतात. तिथे बाहेर बर्फ असताना खिडकीशी बसून चहा घेतल्याची आठवण ताजी असते.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न अनेक घरांपुढे आहे. गुलमंडी, रंगार गल्ली, बेगमपुरा या भागांतले जुने वाडे आणि माळवदाची घरे, छावणीतले बंगले, नंतरच्या वसाहतींतली सागवानी चौकटींची घरे, सगळीकडे लाकडी खिडक्या-दरवाजे आहेत आणि सगळीकडे ते उतरवले जात आहेत. जागी अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या सरकत्या खिडक्या येतात. साग भंगाराच्या किंवा जुन्या लाकडाच्या भावाने जातो. एकदा गेला की तसा साग पुन्हा त्या किमतीत मिळत नाही. म्हणून दुहेरी काच नेमके काय करते, ती जुन्या सागाच्या झडपेत बसवता येते का, आणि आपल्या हवेत तिचा उपयोग किती, हे खिडकी उतरवण्याआधी पाहिले पाहिजे.

दोन काचांमधली हवा

एक गैरसमज आधी दूर करू. दुहेरी काचेच्या पोकळीत सहसा निर्वात नसते. तिथे कोरडी हवा असते, काही वेळा आरगॉन वायू. दोन काचांच्या मध्ये कडेने अ‍ॅल्युमिनियमची पोकळ पट्टी असते. तिच्यात ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात आणि बाहेरून दुहेरी सीलबंदी केलेली असते. न्यूयॉर्कच्या टी. डी. स्टेटसन यांनी या कल्पनेचे पेटंट १८६५ साली घेतले. पण घरोघरी ती पोचली विसाव्या शतकात, आणि युरोपात तिला खरा जोर आला तो १९७३च्या तेलटंचाईनंतर.

तिचे तत्त्व साधे आहे. काच स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. स्थिर हवा काचेच्या सुमारे चाळीस पट जास्त अडवते. म्हणून काच जाड करून उपयोग नसतो, मध्ये हवा कोंडावी लागते. एक चौरस मीटर साध्या काचेतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, सुमारे ५.८ वॅट उष्णता जाते. ४ मि.मी. काच, १२ मि.मी. पोकळी आणि पुन्हा ४ मि.मी. काच अशा जोडीतून सुमारे २.९ वॅट जाते. म्हणजे बरोबर निम्मी. विक्रेते ‘पन्नास टक्के बचत’ म्हणतात ते इथून येते. आकडा खरा आहे, पण तो कशाचा निम्मा आहे ते पाहावे लागते.

लंडनचा हिवाळा आणि आपला मे महिना

चार फूट बाय चार फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर बाय १.२ मीटरची खिडकी घेऊ. क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर. सोयीसाठी सगळी काचच धरू.

लंडनमध्ये घरात २० अंश आणि बाहेर हिवाळ्याची सरासरी ७ अंश धरली तर फरक १३ अंशांचा. तो रात्रंदिवस असतो आणि थंडीचे दोनशे दिवस टिकतो. या खिडकीला दुहेरी काच लावल्यास वर्षाकाठी सुमारे २६० युनिट उष्णता वाचते. घरात अशा दहा खिडक्या असतील तर ती मोठीच रक्कम झाली.

आता आपला मे महिना. बाहेर ४२ अंश, आत एसी लावून २८ अंश. फरक १४ अंशांचा, म्हणजे लंडनएवढाच. पण तो दिवसाचे काही तासच असतो; रात्री बाहेरची हवा उतरते. दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे शंभर दिवस धरू. हा हिशेब दुहेरी काचेला झुकते माप देणाराच आहे. एकेरी काचेतून ११७ वॅट उष्णता आत येते, दुहेरीतून ५८. वाचले ५९ वॅट. पण एसी एक युनिट विजेत साधारण साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकतो. म्हणून प्रत्यक्ष विजेची बचत १७ वॅट. शंभर दिवसांत ती होते तेरा-चौदा युनिट. एका खिडकीमागे, वर्षाला.

तुलनेसाठी एक आकडा असा : एक किलो नवे अ‍ॅल्युमिनियम तयार करायला साधारण १४-१५ युनिट वीज लागते. सागाची चौकट फेकून अ‍ॅल्युमिनियमची बसवताना, चौकटीच्या एकेका किलोमागे वर्षाची बचत आधीच खर्ची पडलेली असते.

आणि ज्या घरात एसी नाही तिथे? तिथे जुनी रीतच शहाणपणाची आहे. सकाळी ऊन चढायच्या आत खिडक्या बंद करायच्या, दिवस मावळल्यावर सताड उघडायच्या. दगड आणि पांढऱ्या मातीच्या जाड भिंती रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवतात. रात्री उघड्या असलेल्या खिडकीला काचा एक आहेत की दोन, याने काहीच फरक पडत नाही.

उष्णता येते कुठून?

वरच्या हिशेबात मुद्दाम एक गोष्ट बाजूला ठेवली होती : ऊन. युरोपातल्या खिडकीचे काम आतली ऊब बाहेर जाऊ न देणे हे आहे. आपल्या खिडकीचे काम बाहेरचे ऊन आत न येऊ देणे हे आहे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि साधी दुहेरी काच पहिल्या कामासाठी घडलेली आहे.

पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडते असे धरू. साध्या पारदर्शक काचेतून त्यातले सुमारे ८५ टक्के आत येते, म्हणजे आपल्या खिडकीतून ६१२ वॅट. साध्या दुहेरी काचेतून सुमारे ७५ टक्के, म्हणजे ५४० वॅट. फरक जेमतेम ७२ वॅटचा. आता एकेरी काचच ठेवून बाहेरून बांबूची चिक सोडली आणि तिने चारपंचमांश ऊन अडवले, तर आत येतात सव्वाशेच्या आत वॅट. जवळजवळ ४९० वॅट वाचले, तेही काच न बदलता. परावर्ती लेप दिलेली दुहेरी काच ऊन बऱ्यापैकी अडवते हे खरे; पण ती महाग असते, तिचा रंग-चमक जुन्या घरावर वेगळी दिसते आणि हिवाळ्यातले हवेहवेसे ऊनही ती अडवते.

चिक बाहेरून हवी, आतून नव्हे. आतला पडदा ऊन अडवतो तेव्हा ते काच ओलांडून खोलीत आलेलेच असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. वाळ्याचे पडदे बाहेरच्या बाजूला टांगून त्यांवर पाणी मारायची जुनी पद्धत होती, ती याचसाठी. कोरड्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाचा गारवा वर फुकट मिळायचा.

छज्जाचेही भान ठेवायला हवे. आपले शहर साधारण २० अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला कडक उन्हाळ्यात थेट ऊन फारसे लागतच नाही, आणि डिसेंबरात दुपारी सूर्य ४७ अंशांवर उतरल्याने ते छान आत येते. पश्चिमेचे तसे नाही. मेच्या वीस तारखेच्या आसपास संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २६ अंश वर असतो. दीड फुटाच्या छज्जाची सावली त्या वेळी पश्चिमेच्या खिडकीवर वीतभरच उतरते. बाकी सारी खिडकी उन्हात. तिथे चिक, आडव्या पट्ट्यांची लाकडी झडप किंवा झाड हाच उपाय.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची नव्या निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ २०१८ साली आली. भिंती-खिडक्यांतून घरात शिरणाऱ्या उष्णतेवर तिने दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली आहे. तीही केवळ काचेचा प्रकार बघत नाही. खिडकीची दिशा आणि बाहेरची सावली हिशेबात धरते.

एका विटेएवढी फट

जुन्या खिडकीची खरी दुखणी काचेपेक्षा फटींत असतात. आपल्याच खिडकीचे माप घ्या. दोन झडपा, चारी बाजूंची मिळून ४.८ मीटर कड, शिवाय दोन झडपा मिळतात तिथली १.२ मीटर, एकूण ६ मीटर. सगळीकडे ३ मि.मी. फट धरली तर तिचे क्षेत्रफळ होते १८० चौरस सेंटिमीटर. म्हणजे भिंतीतली एक वीट काढून भोक उघडे ठेवल्यासारखेच. त्यातून धूळ येते, लू येते, एसीची गार हवा जाते. या फटी तशाच ठेवून काच दुहेरी करणे म्हणजे फुटक्या माठाला झाकण शोधणे.

उपाय स्वस्त आहे. झडप घासून लागते ते बरेचदा लाकूड फुगल्यामुळे नव्हे, तर रंगाचे थरावर थर चढल्यामुळे. ते काढले, बिजागरीचे सैल स्क्रू घट्ट केले, झिजलेल्या कडेला सागाची पट्टी जोडली आणि चौकटीच्या खाचेत रबराची पट्टी बसवली की झडप पुन्हा नीट मिटते. रंग काढताना एक काळजी घ्यावी. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. म्हणून कोरडे घासू नये, पाणी मारून खरवडावे, तोंडाला मास्क लावावा आणि लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना तिथून दूर ठेवावे.

फटी बुजवतानाही तारतम्य हवे. स्वयंपाकघर आणि गॅस गिझर असलेले न्हाणीघर यांची हवा कधीही कोंडू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

आवाजाचे गणित

दुहेरी काचेकडे वळणाऱ्या अनेकांचे खरे कारण उष्णता नसून आवाज असते. जालना रोड किंवा क्रांती चौकाच्या जवळ राहणाऱ्याला ते सांगायला नको. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रस्त्यालगत ती कागदावरच राहते.

इथेही फट आधी येते. खिडकीच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी असेल, तर उरलेल्या भागात कितीही भारी काच लावा, एकूण आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त कमी होत नाही. आपली विटेएवढी फट सव्वा टक्का भरते. फट बुजवल्यानंतर काचेचा प्रश्न येतो. ६ मि.मी.ची एक काच सुमारे ३१ डेसिबल आवाज अडवते; ४-१२-४ची दुहेरी काचही जवळपास तेवढाच. कारण सारख्या जाडीच्या दोन काचा आणि मधली अरुंद हवा मिळून ठराविक पट्टीच्या आवाजाला एकत्र थरथरतात. दोन काचांमध्ये १० सेंटिमीटर किंवा अधिक अंतर ठेवले आणि त्यांची जाडी वेगळी घेतली, तर आकडा चाळिशीपर्यंत जातो. एवढे अंतर कारखान्यातल्या जोडकाचेत मिळत नाही. ते आपल्या जाड भिंतीत मिळते.

झडपेत दुहेरी काच बसवायची तर

तरीही काही खोल्यांना जोडकाच खरोखर हवी असते : दिवसभर एसी चालणारी अभ्यासिका, आजारी माणसाची खोली, दवाखाना, जुन्या घरात थाटलेले कार्यालय. तिथे सागाची झडप ठेवून काच बदलता येते. अडचणी तीन.

पहिली जागेची. जुनी झडप साधारण सव्वा ते दीड इंच जाड असते आणि काचेची खाच अर्ध्या इंचाच्या आसपास खोल. ४-१२-४ची जोडी २० मि.मी. जाड, वर बीडिंगची पट्टी. खाच तेवढी खोल कोरली तर मागे लाकूड कागदासारखे उरते आणि कुसांचे सांधे उघडे पडतात. म्हणून ३-६-३ किंवा ४-६-४ अशी सडपातळ जोडी घ्यावी. ४-६-४मधून दर अंशाला सुमारे ३.३ वॅट उष्णता जाते, २.९च्या मानाने थोडी जास्त, पण झडप वाचते. जपानमध्ये १९९७ साली बाजारात आलेली खरी निर्वात काच जेमतेम सव्वासहा मि.मी. जाडीची असते. जुन्या खाचेसाठी ती आदर्श, पण किमतीने सामान्य घराच्या आवाक्याबाहेर.

दुसरी वजनाची. काचेच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीमागे चौरस मीटरला अडीच किलो वजन येते. एका झडपेत ०.४ चौरस मीटर काच असेल तर ३ मि.मी.ची एकेरी काच ३ किलोची, दोन ४ मि.मी. काचांची जोडी ८ किलोची. दोन बिजागऱ्यांवर झडप झुकते, तिसरी लावावी. काचेखाली रबराचे ठोकळे असे ठेवावेत की भार बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यावर जाईल.

तिसरी सीलची. जोडकाचेच्या कडेला पाणी साचले किंवा जवसाच्या तेलातली लांबी लागली की सील मऊ पडते, ओल आत शिरते आणि दोन काचांच्या मध्ये कधीही न पुसता येणारे धुके साचते. म्हणून लांबीऐवजी रबराची पट्टी आणि स्क्रूने बसवलेले सागाचे बीडिंग वापरावे, चहूबाजूंनी तीन मि.मी. मोकळीक ठेवावी, खालच्या खाचेला पाणी निघायला बारीक छिद्रे पाडावीत. सिलिकॉन लागलेच तर व्हिनेगरसारखा वास येणारे नको, न्यूट्रल जातीचे घ्यावे.

मापाबद्दलही एक सूचना. जोडकाच जागेवर कापता येत नाही, कडक केलेली म्हणजे टफन्ड काचही नाही. जुनी चौकट क्वचितच काटकोनात असते. दोन्ही कर्ण मोजावेत आणि प्रत्येक तावदानाचा पुठ्ठ्याचा साचा वेगळा काढून त्यावर क्रमांक घालावा. काचेच्या दरवाज्यांत काच टफन्डच हवी; धावत्या मुलाचा हात लागला तर साध्या काचेचे सुळे होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, बीडिंग काढता आले पाहिजे. जोडकाचेचे सील वीस-पंचवीस वर्षे टिकते, साग शंभर. काच बदलेल, लाकूड राहील, अशीच जोडणी हवी.

आतून दुसरी झडप

यापेक्षा सोपी वाट जुन्या घराच्या भिंतीतच आहे. दीड-दोन हात जाड भिंतीत चौकट सहसा बाहेरच्या अंगाला असते आणि आत बसता येईल एवढा खण राहतो. त्या खणाच्या आतल्या कडेला हलक्या चौकटीत दुसरी काचेची झडप लावली, तर मूळ खिडकीला पटाशीही लागत नाही. मध्ये वीतभर हवा राहते, आवाज चांगला अडतो, आणि रात्री दोन्ही झडपा उघडता येतात. व्हिएन्नातल्या जुन्या घरांत अशा पेटीसारख्या दुहेरी खिडक्या पूर्वीपासून आहेत. काश्मीरमध्ये हिवाळ्यात पिंजऱ्यांच्या लाकडी जाळीवर कागद चिकटवत, तोही हवा कोंडण्याचाच प्रकार. ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने २००८ साली ‘हिस्टॉरिक स्कॉटलंड’साठी जुन्या खिडक्यांची चाचणी घेतली. आतून दुसरी काच लावल्यावर काचेतून जाणारी उष्णता ६३ टक्क्यांनी घटली. आणि नुसती जुनी लाकडी झडप मिटल्यावर? ५१ टक्क्यांनी. म्हणजे दुहेरी काचेएवढेच काम फळ्यांच्या झडपा करत होत्या. आपल्या वाड्यांतही त्या होत्या. उजेडासाठी आपणच त्या काढून काचा घातल्या.

क्रम

तेव्हा खिडकीवर खर्च करायचा तर क्रम असा असावा. आधी पश्चिमेला बाहेरून सावली. मग फटी. मग आवाजाचा त्रास असेल तर आतून दुसरी झडप. आणि शेवटी, एसी खूप चालणाऱ्या एखाद्या खोलीपुरती, सागाच्याच झडपेत जोडकाच. घर वरच्या मजल्यावर असेल तर या सगळ्याच्या आधी छत. माळवदाच्या जागी आलेला स्लॅब दुपारी कोणत्याही खिडकीपेक्षा जास्त तापतो, आणि चुन्याचा पांढरा हात हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

यांतल्या कोणत्याही पायरीवर चौकट उखडावी लागत नाही. लागतो तो रंधा-पटाशी चालवणारा, जुना सांधा उघडून पुन्हा मिटवू शकणारा सुतार. तो अजून शहरात आहे, पण त्याच्याकडे येणारे काम दर वर्षी घटते आहे. जुनी खिडकी वाचली तर त्याचा हातही वाचेल. यंदाच्या दिवाळीत खिडक्या पुसताना एकदा झडप मिटून बघा. कागदाचा एक चिटोरा कडेत धरा आणि ओढा. तो सहज सुटला, तर दुखणे कुठे आहे ते कळले. आणि त्याला अजून तरी काच बदलायची गरज नाही.